सरदारबीचा तख्ता

आमच्या गल्लीत कुणी मुसलमान बाई वारली की पहिली हाक सरदारबीला जायची. नातेवाइकांना फोन नंतर, मांडववाल्याला निरोप नंतर, आधी सरदारबी. ती हातातलं काम टाकून उठायची, डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि दारामागं भिंतीला टेकवलेल्या फळीवरची चादर काढायची. त्या फळीला ते लोक तख्ता म्हणतात. मयताची शेवटची अंघोळ त्याच्यावर होते. बाईला अंघोळ बायांनीच घालायची असते, आणि आमच्या गल्लीत ते काम सरदारबीचं. तिच्या आधी तिच्या सासूचं होतं.

मी चांगुणा. सरकारी दवाखान्यात आया होते, आता पेन्शनीत बसलेय. आमची बौद्धांची वस्ती जिथं संपते तिथं माझं घर आणि त्यांची गल्ली जिथं सुरू होते तिथं तिचं. मधे एक नळ. सोलापुरात नळाला पाणी रोज येत असतं तर आमची ओळखच झाली नसती. चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, मग घागरीवरून भांडण ठरलेलं. पहिल्या भांडणात तिनं माझी घागर लाथेनं उडवली, मी तिची चुंबळ गटारात टाकली. तेव्हापासून एकमेकीशिवाय आम्हाला चहा गोड लागत नाही.

मला कुणाचं कौतुक करता येत नाही, तोंड फटकळ आहे माझं. पण सरदारबीच्या हाताचं करते. दवाखान्यात मढी हलवणारी माणसं मी लई बघितली. पोतं ओढावं तसं ओढतात. सरदारबी मेलेल्या बाईशी बोलायची. मी पडद्याबाहेर चुलीवर बोरीचा पाला टाकून पाणी तापवून द्यायची. आत जायचं माझं काम नव्हे, पण ऐकू सगळं यायचं. "गार लागलं काय गे? झालंच आता. हौ, हौ, केस सोडते की, दुखवत न्हाई." अशी बोलायची. बाहेर रडणाऱ्या लेकी-सुना ते ऐकून जरा शांत व्हायच्या.

एकदाच आतून आवाज आला नाही. तिची लेक आयेशा बाळंतपणात गेली तेव्हा. आईनं कशाला घालायची अंघोळ, दुसऱ्या कुणाला बोलवू, असं सगळ्या म्हणाल्या. सरदारबीनं कुणाला आत येऊ दिलं नाही, फक्त सासूला. आत नुसतं पाणी पडत होतं. मी बाहेर चुलीपाशी बसून ते ऐकलं आणि मला आजही ते नको वाटतं. नंतर कधीतरी, भांडी घासता घासता ती म्हणाली, "तख्त्याला डोक्याच्या बाजूला खळगा पडलाय बघ. पोरीचं डोकं त्यात असं बसलं, लहानपणी माझ्या मांडीत बसायचं तसं." एवढंच. परत तो विषय तिनं काढला नाही. पण फळी धुऊन उभी केली की त्या खळग्यावरून एकदा हात फिरवल्याशिवाय ती चादर टाकायची नाही. आणि मला दर थोड्या दिवसांनी बजावायची, "मला बी ह्याच्यावरच. ध्यानात ठेव."

आता ती फळी कुठली, तेही सांगायला पाहिजे, कारण सगळा घोळ तिथनंच सुरू झाला.

अक्कलकोटच्या पलीकडं, कानडी मुलखाच्या शिवेवर, देवनकेरी म्हणून एक छोटं संस्थान होतं. संस्थान गेलं, मग राजवाडा पाडून लाकूड-दगड लिलावात विकलं. सरदारबीचा सासरा फकीर मिस्त्री तिथं पाडकामाला होता. मजुरीच्या बदल्यात त्यानं सागाची एक माणसाएवढी फळी आणली. एका अंगाला सपाट, दुसऱ्या अंगाला नक्षी. त्याच्या बायकोनं नक्षीच्या अंगाला चुना भरून वर पत्रा ठोकला आणि सपाट बाजूवर मयत धुवायला सुरुवात केली. सुनेला सांगितलं, खाली वेलबुट्टी आहे, पाण्यानं कुजू नये म्हणून पत्रा. कडेला पत्र्याबाहेर थोडी वेल दिसायची पण, त्यामुळं खोटं वाटायचं कारणच नव्हतं.

गेल्या वर्षी दाक्षायणी आली. अक्कलकोटकडची लिंगायत पोरगी, कुठल्याशा संस्थेत कामाला. देवनकेरीच्या दरबाराची लाकडी भिंत परत उभी करायची म्हणून हिंडत होती. त्या भिंतीच्या फळ्या कुठं कुठं गेल्या होत्या, काय सांगायचं! एक परदेशातल्या संग्रहालयात, एक पुण्याच्या हॉटेलात भिंतीला, आणि एक आपल्या होटगीच्या बिरप्पाच्या गोठ्याला दार म्हणून. त्या बिरप्पानंच सांगितलं की याची जोडीची सोलापूरच्या फकीर मिस्त्रीनं नेली. फळ्या गोळा होणार नाहीत, कुणी देणार नाही, हे पोरीला ठाऊक होतं. म्हणून ती एक यंत्र घेऊन फिरायची. फळीवरून इस्त्रीसारखं फिरवायचं, निळसर उजेड पडायचा, आणि लॅपटॉपवर फळी जशीच्या तशी उठायची, खाचाखोचांसकट. अशा सगळ्या फळ्या कॉम्प्युटरात जोडायच्या, आणि मग मशीनवर नव्या सागात तसंच कोरून भिंत उभी करायची.

"आजी, फळी तुमचीच राहणार. मी हातसुद्धा जपून लावीन," ती म्हणाली.

"वेलबुट्टी तर हाय, बघ की बापडे," सरदारबी म्हणाली. मुलगा अतीक, एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतो, त्याचा सुट्टीचा दिवस होता. त्यानंच पत्रा उचकटला. दाक्षायणी कुंचल्यानं, काडीनं वाळका चुना काढत बसली. मी समोर चहा घेऊन. पहिल्यांदा एक हात निघाला. मग हातात तांब्या. मग बायका निघायला लागल्या एकामागं एक, कुणी घंगाळ धरलेली, कुणी पाणी ओतणारी, आणि मधोमध चौरंगावर बसलेली राणी. न्हाती. अंगावर दागिन्यांशिवाय काही नाही.

मी म्हणाले, "अगं बया!"

सरदारबी आधी हसली. खरंच हसली, तोंडाला पदर लावून. "ह्या तर माझंच काम करायल्यात की गे." मग तिचं हसू गेलं. ती फळीच्या कडेला बसली आणि म्हणाली, "मां, माझी सास कळून-सवरून गप ऱ्हायली."

पोरगीनं यंत्र फिरवलं. पुढची बाजू झाल्यावर मागचीही केली, तो खळगासुद्धा. त्यांची तशी पद्धतच आहे, दोन्ही अंगं घ्यायची. लॅपटॉपवर फळी गोल फिरवून दाखवली. "बघा आजी, केसाएवढंही काही सुटलेलं नाही," असं म्हणाली. खूश होती बिचारी. होटगीच्या गोठ्यातल्या फळीवरच्या बायका घागरी घेऊन कुठं निघाल्यात, ते तिला आत्ता कळलं होतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण अतीकला काय अवदसा आठवली देव जाणे. त्यानं फळीचा फोटो काढला आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'आमच्या घरातली राजवाड्याची चीज.' कौतुकानं टाकला हो, पोरगा वाईट नाही. पण ही फळी म्हणजे कुठली फळी, हे गल्लीला ओळखायला कितीसा वेळ लागतो?

संध्याकाळच्या आत गल्लीतली राहत नावाची बाई आली. शिलाईचं काम करते ती, आई नुकतीच हिवाळ्यात गेलेली. चप्पलसुद्धा न काढता दारात उभी राहिली.

"खाला, माझ्या अम्मीला तुमी ह्याच्यावर झोपवलं?"

"ती बाजू खाली होती बेटी. पत्रा ठोकलेला होता. मलाच म्हायती न्हवतं."

"पण होती की खाली!" राहत ओरडली आणि तिथंच उंबऱ्यावर बसून रडायला लागली. "नमाज चुकवली न्हाई कधी माझ्या अम्मीनं. आन् तिच्या पाठीखाली हे?"

मी मधे पडायला गेले, तर सरदारबीनं मला डोळ्यानंच गप केलं. माझ्याकडं उत्तर होतं, पण ते माझ्या धर्मातलं, तिथं त्याचा काय उपयोग?

मग रीघच लागली. कुणाची आई, कुणाची सासू, कुणाची आजी. गल्लीतल्या प्रत्येक घरातली एक तरी बाई त्या फळीवरून गेलेली. शेवटी मशिदीच्या मौलानांना विचारलं. मौलाना भला माणूस. त्यांनी स्वच्छ सांगितलं, अंघोळ पाण्यानं आणि मनातल्या इराद्यानं होते, झालेल्या सगळ्या अंघोळी दुरुस्त आहेत, कुणी मनात किंतु आणू नका. फक्त आता कळलंय तर ती चित्रं तशी ठेवू नका. सरदारबीनं त्याच दिवशी पत्रा परत ठोकला. लोकांनी मौलानांपुढं माना हलवल्या. पण पुढच्या खेपेला मयत झाली तेव्हा सरदारबीला हाक आली नाही. पलीकडच्या मोहल्ल्यातून बायका बोलावल्या. विचारलं तर म्हणाले, पत्रा ठोकला तरी ते डोळ्यांपुढून जात नाही.

त्या दिवसांत मला सरदारबीकडं बघवत नव्हतं. गल्लीत कुणी आजारी आहे असं कळलं की ही पदर सारखा करून बसायची. हाक यायची नाही. मग चुलीत काटक्या घालत बसायची, चहा नको असला तरी. मी चिडून म्हणायची, "बरं झालं की! आयुष्यभर मढी धुतलीस, आता जरा बूड टेक." ती म्हणायची, "चांगुणा, मी वाळीत पडले तर मला कोण धुवंल? आन् कशावर?"

हे होतं तिच्या मनात. तख्ता तर गल्लीनं टाकलाच होता. ती मेल्यावर तो दारामागंच राहणार आणि तिला भलत्याच कशावर तरी नेणार. आयेशा जिथं झोपली तिथं तिला झोपायला मिळणार नाही. बाकी मानपान गेला चुलीत, तिला एवढंच हवं होतं.

गल्लीतली जाणती माणसं तोडगा घेऊन आली. रंधा मारा म्हणाले. चित्रं काढून टाका, फळी त्या बाजूनंही सपाट करा, कुणाची तक्रार राहणार नाही. "आन् आता ते सगळं कॉम्प्युटरमधी हायच की. जातंय कुटं?" त्यातला एक म्हणाला.

त्याच आठवड्यात दाक्षायणी आली. तिच्या कानावर सगळं गेलं होतं. टेम्पो घेऊनच आली, आणि टेम्पोतून उतरवली फळी! सागाची, तेवढीच लांब, तेवढीच जाड. खालचं अंग साफ, चित्र नाही, नक्षी नाही. वरच्या अंगाला तोच खळगा, त्याच जागी, तेवढाच खोल. कडेला एक ढलपी निघालेली होती, तीसुद्धा तशीच. मशीननं सगळं कोरलं होतं.

"आजी, ही तुम्ही घ्या. गल्लीला काही म्हणायला जागा नाही. आणि जुनी आम्हाला द्या, आम्ही नीट जपू. हात लावून बघा, काही म्हणजे काही फरक नाही."

मला तर पटलं बाई. मी लगेच म्हणाले, "घे की, देवानंच धाडली म्हण!" अतीकही म्हणाला, अम्मी, घे. शेजारी-पाजारी जमले होते, त्यांनीही माना डोलावल्या. इतका सरळ तोडगा मी जन्मात बघितला नव्हता.

सरदारबी नव्या फळीपाशी गेली. बसली. खळग्यात तळहात ठेवला. तिचा हात त्यात बरोबर बसला, मी बघितलं. लई वेळ तिनं हात काढला नाही. मला वाटलं, जमलं.

"हुबेहूब हाय गे," ती म्हणाली. "पण हितं माझी आयेशा न्हवती."

"आजी, मोजमापात तर..." दाक्षायणी बोलायला लागली.

"फरक न्हाई म्हंतीस नव्हं?"

"खरंच नाही."

"मग तू ही घे. तुला चित्र पायजे, ते तुझ्याजवळ हाय. केसाएवढं सुटलं न्हाई, तूच म्हणालीस. तू हिच्यावर तुझ्या बाया कोर आन् भिंतीला लाव. मला माझी ऱ्हाऊ दे." आणि अतीककडं वळून म्हणाली, "मल्लिनाथ सुताराला बोलाव. रंधा घेऊन."

पोरीचं तोंड पांढरंफटक पडलं. "नको, नको आजी," म्हणाली. "ते वेगळं आहे. ही खरी आहे. कुणाच्या तरी हातानं कोरलेली, इतकी जुनी... परत नाही मिळणार."

"माझी बी," सरदारबी म्हणाली.

मी तिच्या अंगावर ओरडले. म्हटलं, येडी झालीस का, असल्या देखण्या बाया खरवडून काढतेस, गल्लीच्या नादाला लागून? पत्रा हाय की ठोकलेला! ती म्हणाली, "पत्र्याखाली हायत तंवर मला कोण त्याच्यावर झोपवंल, सांग." माझा राग नक्की कुणावर काढायचा ते मला कळत नव्हतं.

मल्लिनाथ आला. पत्रा काढून त्यानं फळी उलटी केली आणि बघतच बसला. सुताराचा डोळा तो. बोट फिरवून म्हणाला, "मावशी, हे मला करायला सांगू नका. असलं काम आता कुणाच्या हातून व्हत न्हाई. मी कशानं मोडू?"

सरदारबीनं त्याच्या पिशवीतून पटाशी काढली, हातोडी घेतली आणि पहिला घाव स्वतः घातला. राणीच्या खांद्यावर. तिला धड धरताही येत नव्हती, लाकूड वेडंवाकडं फुटलं. "अल्ला माफ कर," म्हणाली आणि दुसरा घातला. मग मल्लिनाथनं तिच्या हातातनं पटाशी काढून घेतली. म्हणाला, करायचंच तर नीट तरी करू. खालमानेनं त्यानं एकेक बाई उतरवली, तांबे उतरवले, घंगाळं उतरवली, मग रंधा धरला. दाक्षायणी टेम्पोच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडत होती. मी तिला पाणी नेऊन दिलं. तिला जवळ घ्यावं की दोन शिव्या हासडाव्यात, मला ठरवता येईना. जाताना तिनं सरदारबीला नमस्कार केला, वाकून, आणि नवी फळी टेम्पोत घालून घेऊन गेली.

देवनकेरीची भिंत पूर्ण झाली म्हणतात. तिनं फोटो पाठवला होता, माझ्या लेकीनं दाखवला. न्हाणारी राणी मधे आहे, सगळ्या बायका तिच्याकडं पाणी घेऊन निघाल्यात. लई सुंदर दिसतंय. सरदारबीनं मान वळवली, बघितला नाही.

एवढं करून गल्लीनं बोलवायला पाहिजे होतं. मौलानांनी येऊन तख्ता बघितला, हात फिरवला, उत्तम झालं म्हणाले. पण मधल्या काळात कुण्या दानशूरानं मशिदीला स्टीलचं टेबल दिलं होतं. त्याला चाकं आहेत, खाली नळी आहे, पाणी थेट मोरीत जातं. पलीकडच्या पोरी भराभर काम करतात. सोयीचं आहे, मीही बघितलंय, खोटं कशाला बोलू?

परवा राहतची सासू वारली. सरदारबीला त्यांच्या घरातून रडण्याचा आवाज आला तशी ती उठली, पदर सारखा केला, तख्त्यावरची चादर काढली आणि दारात उभी राहिली. समोरून स्टीलचं टेबल खडखडत गेलं. मागून राहत आली. थांबली. हात धरून म्हणाली, "खाला, तुमी आता आराम करा. लई केलं आमच्यासाठी. पोरी करतील." मनात काही ठेवून म्हणाली नाही ती. आदरानंच म्हणाली. त्यापेक्षा तिनं शिवी दिली असती तर मला चाललं असतं.

मी नळावरून सगळं बघत होते. घागर तशीच टाकून आले. सरदारबी आत जाऊन तख्त्यापाशी बसली होती, फळीवर पालथा हात ठेवून.

"गल्लीच्या आईला..." मी सुरुवात केली.

"गप," ती म्हणाली. मग फळीवरून हात फिरवत म्हणाली, "चांगुणा, मला तरी ह्याच्यावरच नेतील नव्हं?"

मी बौद्धाची बाई. पडद्याबाहेर पाणी तापवणारी. त्या वेळी तिथं माझं कोण ऐकणार, आणि कशाला ऐकावं?

"व्हय गे," मी म्हणाले. "मी हाय की. तख्ता मी स्वतः उचलून आणते. बघू कोण आडवतंय."

तिनं मान हलवली. रंधा मारून फळी हलकी झालीय, पण तरी ती उचलायचं बळ आता आमच्या दोघींतल्या एकीच्याही अंगात नाही, आणि ते तिला माहीत आहे.